रिकाम्या वाटीतला जांभळा रंग

“मग एकही मेली नाही म्हणतोस?” बाईंनी विचारलं.

“एकही नाही,” सिद्राम म्हणाला. “थाळीभर पेशी, बाई. सगळ्या जिवंत.”

बाई काचपट्ट्या पुसत होत्या. जुन्या लुगड्याची चिंधी घ्यायची, एकेक पट्टी पुसायची, उजेडाकडे धरून बघायची आणि डब्यात ठेवायची. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी त्यांचा हा रोजचा सकाळचा उद्योग सुटला नव्हता.

डॉ. महादेवी बिरादार म्हणजे जनावरांच्या डॉक्टरांना शिकवणाऱ्या बाई. मेलेल्या जनावराचं काळीज, आतडं मायक्रोस्कोपखाली ठेवून ते कशानं मेलं, हे त्यांनी पस्तीस वर्षं शिकवलं. आता त्या तालुक्याच्या गावी एकट्या राहत. नवं औषध जिवंत जनावरांना देऊन बघायचं असेल तर कॉलेजच्या समितीला बाहेरच्या एका जाणत्या माणसाची सही लागते. ती सही बाईंची होती.

सिद्राम सलगर हा त्यांचा शेवटचा विद्यार्थी. धनगराचा पोरगा. वाडीवर अजून त्याच्या मायच्या वीस-बावीस शेळ्या होत्या. पोरगा हुशार होता, आणि हे दुसऱ्या कुणी सांगायची वाट त्यानं कधी पाहिली नव्हती.

आज तो अर्ज घेऊन सहीसाठी आला होता.

“मला पहिल्यापासून सांग,” बाई म्हणाल्या. “मला काहीच कळत नाही असं समजून सांग.”

सिद्राम खूश झाला. हे काम त्याच्या आवडीचं होतं.

“जस्ताची भुकटी आहे, बाई. पण बाजारातली नाही. मी स्वतः केलेली, इतकी बारीक की केसाच्या जाडीत तिचे हजार कण शेजारी शेजारी बसतील. करडाच्या आतड्यातल्या पेशी मी थाळीत वाढवल्या. थाळी तळहाताएवढी, तिला शहाण्णव वाट्या. एकेकीत थेंबभर रस, त्यात पेशी. मग भुकटी दिली. कुठं कमी, कुठं जास्त. दुसऱ्या दिवशी पिवळा रंग टाकला.”

“पिवळा कशाला?”

“जिवंत पेशी तो पिवळा रंग खाते आणि त्याचा जांभळा करते. मेलेलीला ते जमत नाही. जांभळं दिसलं की समजायचं, आत जीव आहे.”

“बरं. ज्यांना भुकटी दिलीच नाही, त्या पेशी?”

“त्याही जांभळ्या. जरा फिकट.”

“आणि ज्यांना सगळ्यात जास्त दिली?”

“सगळ्यात गडद!” सिद्राम खुर्चीच्या कडेवर सरकला. “तेच तर सांगायलोय, बाई. भुकटी नुसती निर्धोक नाही. पेशींना ती मानवते. जितकी जास्त, तितकी जास्त मानवते.”

बाईंनी आणखी एक काचपट्टी उजेडाकडे धरली.

“अजून थोडी दिली असतीस, तर पेशींनी उठून नमस्कार केला असता.”

सिद्राम हसला नाही.

“बाई, थट्टा नका करू. श्रावण आलाय. वाडीवर करडांना हगवण लागली की चार दिवसांत खलास होतात. गेल्या साली मायची नऊ गेली. एकेकाला मांडीवर घेऊन बसायची ती. नववं गेलं तेव्हा रडलीसुद्धा नाही, नुसती उठून भाकरी थापायला गेली… मी डॉक्टर होतो, बाई. तिच्यासमोर उभा होतो आणि माझ्याकडे द्यायला काही नव्हतं.”

बाईंचा हात थांबला.

“आता आहे,” तो म्हणाला. “तुमच्या सहीसाठी अडलंय. तुम्ही एकेक आठवडा लावणार, तिकडं एकेक करडू मरणार.”

हे खरं होतं. बाईंनाही ते माहीत होतं. या भागातल्या करडांची आतडी त्यांच्याइतकी कुणी पाहिली नव्हती.

“अजून कुणाच्या पोटात गेली नाही ना भुकटी?” त्यांनी विचारलं.

“अर्ज तर तुमच्याच हातात आहे, बाई.”

बाईंनी त्याच्याकडे बघितलं… जरा जास्तच वेळ बघितलं. मग चिंधी घडी घालून ठेवली.

“एक काम कर. परत एक थाळी लाव. तिच्यातल्या चार वाट्यांत पेशी टाकू नकोस.”

“रिकाम्या वाट्या ठेवल्यात की मी! चार ठेवल्यात. त्या पिवळ्याच राहिल्या. एवढं तर पहिल्या वर्षाच्या पोरांनाही कळतं, बाई.”

“त्या चार वाट्यांत भुकटी होती?”

“पेशीच नाहीत, तर भुकटी कुणाला द्यायची?”

“कुणालाच नाही. नुसती वाटीत टाकायची.”

“मग मोजायचं काय?”

“ते मला माहीत असतं तर तुला कशाला सांगितलं असतं?”

सिद्राम उठून उभा राहिला. कान लाल झाले होते. आपल्याला पदक मिळालं तेव्हा पेढे घेऊन आपण पहिल्यांदा याच घरी आलो होतो, हे त्याला आठवलं आणि त्याचा जास्तच राग आला.

“बाई, हे म्हणजे ओसाड घरात पान वाढण्यासारखं झालं.”

“वाढ की,” बाई म्हणाल्या. “कोण जेवतंय बघू.”

तो अर्ज तिथंच टाकून गेला. मोटारसायकलला किक मारताना दोनदा चुकला, तेही त्यानं मनातल्या मनात बाईंच्याच नावावर मांडलं.

चौथ्या दिवशी सकाळी तो परत आला.

या खेपेला मोटारसायकल त्यानं फाटकाबाहेरच उभी केली. अंगणातून चालत आला. हातात थर्मोकोलचा डबा होता. डबा उघडून त्यानं थाळी बाईंच्या हातात दिली.

बाईंनी चष्मा चढवला. थाळी उजेडाकडे धरली.

ओळीनं जांभळ्या वाट्या. फिकट, गडद, आणखी गडद. शेवटच्या ओळीत चार वाट्या बाजूला होत्या. त्याही जांभळ्या. चांगल्या पिकल्या जांभळासारख्या.

“ह्यांत कोण राहतं?” बाईंनी त्या चारांवर बोट ठेवून विचारलं.

“कुणी नाही.”

“मग जेवलं कोण?”

“भुकटीच,” सिद्राम म्हणाला. “रंग भुकटीनंच बदलला, बाई. पेशी असोत, नसोत. जिथं भुकटी जास्त, तिथं जांभळं जास्त. मी भुकटीच मोजत बसलो होतो.”

बाईंनी थाळी हळूच टेबलावर ठेवली.

“अन् पेशी?”

“काल दिवसभर मायक्रोस्कोपला डोळा लावून बसलो होतो. रंगबिंग काही टाकला नाही. नुसत्या बघितल्या. थोडी भुकटी दिलेल्या धडधाकट आहेत. एकमेकींना धरून बसल्यात. मधल्याही बऱ्या आहेत. आणि सगळ्यात जास्त दिलेल्या…”

“बोल.”

“आकसल्यात. गोल गोळा झाल्यात. थाळीचा तळ सोडून वर तरंगायल्यात.” त्यानं मान खाली घातली. “मेल्यात, बाई. ज्या वाट्या मी तुम्हाला सगळ्यात गडद म्हणून सांगितल्या, त्यांतल्याच मेल्यात.”

त्यांना आनंद झाला नव्हता. आपलं खरं ठरावं म्हणून त्यांनी ते काम सांगितलंच नव्हतं.

सिद्रामनं टेबलावरचा अर्ज उचलला. फाडायला लागला. बाईंनी त्याच्या मनगटावर हात ठेवला.

“कागदानं काय केलंय तुझं?”

तो तसाच उभा राहिला. कागद हातात, मनगटावर बाईंचा हात. कागद त्यानं मुठीत आवळला. नुसत्या चुकलेल्या थाळीसाठी तो कागद इतका आवळून धरणारा नव्हता, हे बाईंना कळलं.

“आणखी काय आहे?” त्यांनी कागद सोडवून टेबलावर ठेवत विचारलं.

“गेल्या रविवारी, सहीला यायच्या आधीच, मायला भुकटीच्या पुड्या देऊन आलोय.”

अंगणात कुठंतरी सातभाई पक्षी कलकलत होते.

“किती करडांना?”

“तिघांना. तिघांनाही हगवण लागली होती. एकाचे तर पाय लटपटत होते. माय काही बोलली नाही, बाई. नुसती माझ्याकडे बघायली होती… माझ्या खिशात भुकटी होती. मग मला राहवलं नाही.”

“मात्रा कशी काढलीस?”

सिद्राम खुर्चीवर टेकला.

“सगळ्यात गडद वाटीवरून,” तो म्हणाला.

त्याला लाज वाटत होती. लाजेपेक्षा भीती जास्त वाटत होती. चार दिवसांपूर्वी याच खुर्चीत बसून आपण ‘अर्ज तुमच्याच हातात आहे’ असं म्हणालो होतो, हे आठवून तर त्याला तिथून पळून जावंसं वाटलं. पण तो पळाला नाही. तेवढं त्याच्या बाजूनं सांगितलंच पाहिजे.

बाई रागावतील असं त्याला वाटलं होतं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

“मायला फोन केलास?” त्यांनी विचारलं.

“रोज संध्याकाळी करतो. विचारतो, हगवण थांबली ना, माय? ती म्हणते, थांबली.”

“बाकी काय म्हणते?”

“बाकी… मी काही विचारत नाही.”

बाईंनी खुर्ची त्याच्या जवळ ओढली आणि बसल्या.

“आता लाव. स्पीकरवर लाव. करडं दूध पितात का, ते विचार.”

फोन बराच वेळ वाजला. मग पलीकडून कोंबड्यांचा आवाज आला आणि त्यामागून मायचा.

“काय रं बाळा, आज सकाळीच?”

“माय, पुड्या देऊ नको. आत्तापासून एकसुद्धा देऊ नको.”

“का रं? चांगला गुण आलाय की! साऱ्या वाडीला सांगितलं म्या, माझ्या सिद्रामानं औषध काढलंय म्हून. ती मैनाबाई चार पुड्या मागायली.”

सिद्रामनं डोळे मिटले.

“दिल्यास का?”

“न्हाई. म्हणलं, पोराला इचारून देते.”

“कुणाला देऊ नको. मैनाबाईलाही सांग…” त्यानं बाईंकडे बघितलं. बाई त्याच्याकडे बघत नव्हत्या, जमिनीकडे बघत होत्या. “मैनाबाईलाही सांग, औषधात चूक झालीय म्हणून. माझ्याकडून झालीय. मात्रा जास्त झालीय, माय.”

पलीकडे कोंबड्या तेवढ्या बोलत राहिल्या.

“माय?”

“हाय की. ऐकायले.”

“तिन्ही करडं दूध पितात का?”

“दोन पितात. चांगली उड्या मारायलीत.”

“आणि तिसरं?”

“ते बांड्या तोंडाचं व्हय… ते परवापासून आचळाला तोंड लावंना. निजूनच हाय.”

“पण काल तर म्हणालीस, हगवण थांबली!”

“थांबलीच की रं. पोटात काही जाईना, तर बाहीर येतंय काय?”

सिद्रामनं फोन धरलेला हात मांडीवर टेकवला.

“मला सांगितलं का नाहीस?” कसाबसा तो म्हणाला.

“तू लई खुशीत इचारायचास, बाबा,” माय म्हणाली. “मला सांगू वाटंना.”

सिद्राम रडायला लागला. लहान पोरासारखा नाही, मोठ्या माणसाला रडता येत नाही तसा, खोकत खोकत. बाईंनी त्याच्या हातातून फोन घेतला.

“मी बिरादारबाई बोलते, सलगरबाई. सिद्रामची शिक्षिका. करडाचं अंग गार लागतंय का?”

“कानं गार लागायलीत, बाई.”

“त्याला पोत्यात गुंडाळून चुलीच्या उबेला ठेवा. पाणी कोमट करून त्यात चिमूटभर मीठ अन् बोटभर गूळ घाला. मान उचलत असेल तरच पाजा. चमच्यानं, थेंब थेंब, घोट गिळला का बघत. ओतू नका. आम्ही तासाभरात येतो.”

“या, बाई, या… बाई?”

“काय?”

“माझ्या पोराला रागं भरू नका. त्यानं करडाच्या मायेनंच केलं हो.”

“माहीत आहे मला,” बाई म्हणाल्या. “म्हणूनच येते.”

फोन ठेवून त्या आत गेल्या. खुंटीवरची जुनी चामड्याची बॅग काढली. थर्मामीटर, सुया, सलाईनच्या दोन बाटल्या, एक रबरी नळी, असं एकेक बघून आत ठेवत होत्या. सिद्राम तोंड धुऊन दारात येऊन उभा राहिला.

“वाचेल का, बाई?”

“बघितल्याशिवाय कसं सांगू?”

“तुमच्या हातून कधी असं…”

बाईंनी बॅगेची चेन लावली. ती मधेच अडकली. त्यांनी परत मागं घेऊन लावली.

“एक म्हैस गेली. एका कोष्ट्याच्या विधवेची. एकच म्हैस होती तिला,” त्या म्हणाल्या. “मला खात्री होती तेव्हा, तुझ्यासारखीच.”

सिद्रामनं बॅग त्यांच्या हातातून घेतली. दोघं अंगणातून फाटकापर्यंत आले. अर्ज टेबलावर पडून होता. त्याची आठवण दोघांनाही राहिली नव्हती.

त्यानं मोटारसायकल रस्त्यावर घेतली, पण चालू केली नाही.

“समितीला मी स्वतःच कळवतो, बाई. परवानगी नसताना दिलं म्हणून. जे काय व्हायचं ते होऊ द्या.”

“कळव.”

“काम काढून घेतील.”

“घेतील कदाचित. कमी मात्रेच्या पेशी धडधाकट आहेत, हेही त्यांना लिही. ते लपवू नकोस.”

त्यानं मान हलवली. तरी त्याचा पाय किकवर जाईना.

“बाई, माझी माय माझ्याशी कधी खोटं बोलत नाही. आजवर कधीच बोलली नव्हती.”

“याही वेळी नाही बोलली. तू विचारलंस तेवढंच तिनं सांगितलं.”

रस्त्यानं एक बैलगाडी गेली, तिच्या घुंगरांचा आवाज पार वळणाआड जाईपर्यंत ऐकू येत राहिला.

“मग त्या करडाचं खरं काय ते आता कुणाला विचारायचं?”

“करडालाच,” बाई पदर खोचून मागं बसत म्हणाल्या. “विचारताना तू फक्त गप्प बस.”